मागच्या चाकांचा धडा
डिफरन्शियलचा बिघाड कसा ओळखावा, कसा दुरुस्त करावा आणि त्यातून आम्ही काय शिकलो



पावसाळ्यात आम्ही जीपच्या दुरुस्तीसाठी आपल्याकडे मदत मागितली आणि आपण ती मोकळ्या मनाने दिलीत. त्यानंतर काही मंडळ्यांमधून विचारणा झाली की, गाडी तर फार जुनी नाही, मग एवढा मोठा खर्च कशाचा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नुसत्या हिशेबाच्या आकड्यात देण्याऐवजी सगळी हकिकत लिहावी असे वाटले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, मंडळीकडे किंवा संस्थेकडे मागच्या चाकांवर चालणारी बोलेरो, सुमो किंवा तत्सम गाडी असेल. आमच्या चुकीतून कोणाची एक गाडी वाचली, तरी हा लेख कामी आला असे समजू.

घडले ते असे. जुलैच्या एका पहाटे मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून निरोप आला की एका बाईला कळा सुरू झाल्या आहेत. आमचे चालक भाऊ गाडी घेऊन निघाले, मीही बरोबर होतो. बाई, तिच्या सासूबाई आणि दीर यांना घेऊन आम्ही परत फिरलो. पहिल्या चढावरच मागून येणारा घूं-घूं आवाज वाढला, मग खट्-खट् सुरू झाली आणि एका वळणावर मोठा आवाज होऊन गाडी जागीच थांबली. इंजिन चालू होते, गिअर पडत होता, पण चाकांपर्यंत काहीच पोचत नव्हते. मोबाइलला रेंज नव्हती. दिराने शेजारच्या पाड्यावरून माणसे आणली, बांबूला चादर बांधून झोळी केली आणि त्या बाईला भरपावसात खांद्यावर घेऊन मंडळी चालू लागली. पुढे दुसरे वाहन मिळाले, ग्रामीण रुग्णालयात ती सुखरूप बाळंत झाली, आई आणि मुलगी दोघी बऱ्या आहेत. देवाची स्तुती असो.

पण ज्या झोळीतून आपल्या आदिवासी आयाबहिणींची सुटका व्हावी म्हणून आपण पैसे जमवून ही गाडी घेतली, त्याच झोळीत त्या बाईला माझ्या डोळ्यांदेखत जावे लागले. याला रस्ता किंवा पाऊस जबाबदार नव्हता. चालक भाऊंनी दीड महिन्यात मला तीन वेळा सांगितले होते, "सर, मागून आवाज येतोय." आणि तिन्ही वेळा मी म्हटले होते, "पाहू या, महिनाअखेर होऊ दे."

मागच्या एक्सलमध्ये असते तरी काय?

गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा वसतिगृहातील मोठ्या मुलांना मी बरोबर नेले. मिस्त्रीचाचांनी एक्सल उघडण्याआधी मुलांना एक गंमत दाखवली. मागची दोन्ही चाके अधांतरी होती, गाडी न्यूट्रलमध्ये होती. त्यांनी एका मुलाला डावे चाक हाताने पुढे फिरवायला सांगितले. उजवे चाक आपोआप मागे फिरू लागले! मुले हसली, पण डिफरन्शियलचे सगळे मर्म त्या गमतीत आहे.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. मागच्या दोन चाकांमध्ये साधारण १.४ मीटर अंतर धरले, तर काटकोनातल्या एका वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त चालते. घाटातल्या पूर्ण उलट फिरणाऱ्या वळणावर हा फरक ४.४ मीटर होतो. दोन्ही चाके एकाच सलग दांड्यावर घट्ट बसवली असती तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटले असते, टायर झिजले असते आणि कधीतरी दांडाच तुटला असता. देवगोईच्या घाटातून जाणाऱ्या गाडीची तर रोजच ही अवस्था झाली असती.

यावरचा उपाय ओनेसिफोर पेक्योर नावाच्या एका फ्रेंच कारागिराने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी काढला. तेच तत्त्व आजही चालते. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून लांब प्रोपेलर शाफ्टने मागे येते. शाफ्टच्या टोकाला पिनियन हे लहान दातेरी चाक असते. ते क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. समजा पिनियनला १० दाते आणि क्राऊनला ४१ दाते आहेत, तर शाफ्ट ४.१ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. वेग कमी होतो आणि जोर वाढतो. क्राऊनला एक पिंजरा जोडलेला असतो आणि त्या पिंजऱ्यात चार लहान गिअर असतात. त्यातले दोन चाकांच्या दांड्यांना जोडलेले असतात आणि उरलेले दोन त्यांच्या मध्ये बसून दोघांनाही ढकलतात. सरळ रस्त्यावर हे मधले गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत, सगळा पिंजरा एकसंध फिरतो. वळणावर मात्र ते हलके फिरतात, आणि आतल्या चाकाचा जितका वेग कमी होतो तितकाच बाहेरच्या चाकाचा वाढतो.

थोडक्यात, जोर दोघांना सारखा, पण वेग ज्याचा त्याला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आवाज ओळखायला शिका

डिफरन्शियल अचानक मोडत नाही, आधी बराच काळ तो सांगत असतो. फक्त काय सांगतो ते कळले पाहिजे. मागून येणारा प्रत्येक आवाज डिफरन्शियलचा नसतो, म्हणून आधी इतर शक्यता बाजूला काढाव्यात.

गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिनाची गती वाढवा. उभ्या गाडीतही आवाज आला तर तो इंजिन किंवा गिअरबॉक्सकडचा आहे. डांबरी रस्त्यावर एक आवाज आणि सिमेंटच्या रस्त्यावर दुसरा, असे होत असेल तर टायर पाहा. आवाज वळणावर किंवा गाडी एका बाजूला झुकल्यावर कमी-जास्त होत असेल तर चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्या.

यानंतर मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी चार प्रकारे चालवा आणि रेडिओ, पंखा बंद करून ऐका.

पहिला प्रकार, अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढताना. या वेळी बारीक, लांब घूं असा सूर येतो आणि पाय सोडताच तो बदलतो किंवा थांबतो, तर क्राऊन आणि पिनियनचे दाते एकमेकांत नीट बसत नाहीत किंवा झिजले आहेत. आमच्या गाडीला सुरुवातीला हाच आवाज होता.

दुसरा, पाय काढून गाडी गिअरमध्येच आपोआप मंदावू देताना. आवाज फक्त या वेळी येत असेल तर पिनियनचे बेअरिंग सैल झाले असण्याची शक्यता मोठी.

तिसरा, एकाच वेगाने जाताना. ओढ असो वा नसो, वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घरघर बेअरिंगची असते. पिनियन चाकाच्या चौपट गतीने फिरतो, म्हणून त्याच्या बेअरिंगचा आवाज उंच असतो आणि क्राऊनच्या बाजूच्या बेअरिंगचा जाड असतो.

चौथा, मोकळ्या मैदानात गाडी गोल फिरवताना. सरळ जाताना शांत आणि वळताना कुरकुर, असे असेल तर पिंजऱ्यातले मधले लहान गिअर किंवा त्यांच्या वॉशर झिजल्या आहेत.

याखेरीज खट्-खट् आवाज. तो चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच येत असेल तर क्राऊनचा दाता तुटला असावा. त्याहून बराच भरभर येत असेल तर पिनियनचा दाता किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहावा. गाडी सुरू करताना किंवा रिव्हर्स घेताना एकच ठक् होत असेल तर कुठेतरी प्ले वाढला आहे. अशा वेळी आधी क्रॉस तपासा, तो स्वस्त असतो आणि बदलायला सोपा असतो.

खट्-खट् सुरू झाली की गाडी पुढे नेऊ नये. तुटलेला तुकडा इतर दात्यांत सापडला तर सगळे हौसिंग फुटू शकते. आम्ही त्या पहाटे पुढे नेली, कारण गाडीत ती बाई होती. त्या क्षणी तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. खरी चूक आधीच्या दीड महिन्यात झाली होती.

जॅकवर घेऊन तपासणी

ही तपासणी सपाट, कठीण जागेवर करावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, मागून गाडी उचलून एक्सलखाली मजबूत स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. एका चाकाखाली जॅक लावून, दुसरे जमिनीवर ठेवून, इंजिन चालू करून गिअर टाकण्याचा प्रकार काही ठिकाणी करतात, तो मुळीच करू नये. जमिनीवरच्या चाकाला जोर मिळून गाडी उडी घेते.

हँडब्रेक सोडून, न्यूट्रलमध्ये चाक हाताने हळू फिरवा. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरे चाक उलटे फिरेल. फिरताना कुठे अडकते का, खरखर लागते का ते पाहा. मग पिनियन जिथून बाहेर येतो तिथे शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवा. वर-खाली हालचाल जाणवली तर पिनियनचे बेअरिंग गेले आहे. शाफ्ट गोल फिरवताना थोडा प्ले लागतो तो स्वाभाविक आहे, वर-खाली मात्र काहीच हलता कामा नये. तिथेच सीलभोवती तेलाचा ओला डाग दिसतो का तेही पाहावे.

तेल काय सांगते

डिफरन्शियलच्या हौसिंगला दोन प्लग असतात, वरचा तेल भरण्याचा आणि खालचा काढण्याचा. एक नियम कायमचा लिहून ठेवा, आधी वरचा प्लग उघडायचा. गंजलेला वरचा प्लग उघडलाच नाही आणि तोवर खालून तेल काढून टाकलेले असले, तर गाडी तिथेच अडकते.

वरच्या भोकातून बोट आत घालून तेलाची पातळी पाहावी. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल असले पाहिजे. काढलेल्या तेलाचा रंग काळसर असेल तर ते जुने झाले आहे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. ओढे-नाले ओलांडणाऱ्या आपल्या गाड्यांत हे नेहमी घडते. तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचले जाते. म्हणून पावसाळा संपताच तेल एकदा अवश्य पाहावे.

काढण्याच्या प्लगला पुष्कळदा लोहचुंबक असते. त्याला बारीक करडा लेप चिकटलेला असेल तर घाबरू नये, ती नेहमीची झीज आहे. पण नखाएवढे पापुद्रे, टोकदार तुकडे दिसले तर गाडी रस्त्यावर आणू नये. आमच्या प्लगवर दात्याचा अख्खा कोपरा चिकटलेला होता आणि तेल जेमतेम पाव लिटर निघाले.

तेल कोणते घालावे ते गाडीच्या पुस्तिकेत असते. या प्रकारच्या गिअरचे दाते एकमेकांवर घासत सरकतात, त्यामुळे त्यांना जीएल-५ दर्जाचे, जोराच्या दाबाखालीही टिकणारे गिअर ऑइल लागते. इंजिन ऑइल किंवा "चालेल ते" तेल घालू नये.

मूळ दोष कुठे होता

तेल कमी का झाले? पिनियनच्या सीलमधून गळत होते. पण ते सील आम्ही उन्हाळ्यातच तालुक्याच्या ठिकाणी एका गॅरेजात बदलून घेतले होते. मग दोन-तीन महिन्यांत नवे सील गेले कसे?

मिस्त्रीचाचांनी एक्सलच्या वर असलेली बोटाच्या पेराएवढी एक टोपी काढून दाखवली. तिला ब्रीदर म्हणतात. एक्सल तापला की आतली हवा फुगते आणि ती या ब्रीदरमधून बाहेर पडते. आमचा ब्रीदर चिखल वाळून दगडासारखा बंद झाला होता. हवेला वाट मिळेना, म्हणून ती तेलाला ढकलत सीलमधून बाहेर काढत होती. तेल कमी झाले, दाते आणि बेअरिंग कोरडे पडले, तापले, घूं-घूं करू लागले आणि शेवटी तुटले.

भरीला आणखी एक गोष्ट निघाली. सील बदलताना पिनियनचे मोठे नट खूण न करताच उघडले गेले आणि अंदाजाने आवळले गेले. या नटाच्या दाबावर बेअरिंगचा ताण ठरतो. सील बदलताना नट आणि शाफ्ट यांवर आधी खूण करून, नट पुन्हा नेमके त्याच जागी आणावे लागते. जास्त आवळले की बेअरिंग जळते, सैल राहिले की पिनियन डुलतो. काम करणाऱ्याला मी दोष देत नाही. मीच "लवकर करा, थोडक्यात करा" म्हणून घाई केली होती. गळती का होते हे विचारायला मी थांबलो नाही. सील बदलले, कारण तसेच राहिले.

ब्रीदर साफ करायला एक तार आणि पाच मिनिटे लागतात. तेल भरायला काही शे रुपये. शेवटी जे द्यावे लागले ते किती तरी पट होते, आणि ते आपल्या घामाच्या पैशातून आले.

दुरुस्ती कशी झाली

हे काम घरी करण्यासारखे नाही, पण ते करताना जवळ उभे राहून काय पाहावे हे मालकाला ठाऊक असावे.

शाफ्ट सोडण्याआधी जोडाच्या दोन्ही भागांवर खूण केली गेली, म्हणजे तो जसाच्या तसा बसेल. दोन्ही बाजूंच्या एक्सल बाहेर ओढल्या आणि मधला भाग काढला. क्राऊनच्या बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी खूण केली, कारण त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. सगळे भाग धुऊन बॅटरीच्या उजेडात पाहिले. क्राऊनचे तीन दाते तुटले होते आणि पिनियन निळसर पडला होता. तो रंग अति तापल्याची खूण आहे.

क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलतात. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्यामुळे एकाचा पिनियन आणि दुसऱ्याचा क्राऊन असे बसवले तर आवाज जन्मभर जात नाही. आमची जोडी धुळ्याहून मागवावी लागली. सोबत पिनियनची दोन्ही बेअरिंग, सील आणि नवा ब्रीदर आला.

जोडणीत सगळा जीव शिममध्ये असतो. शिम म्हणजे कागदासारख्या पातळ धातूच्या चकत्या. पिनियन किती आत बसावा ते त्यांनी ठरते. मग क्राऊन डावी-उजवीकडे सरकवून दात्यांमधला प्ले डायल गेजने मोजला जातो. तो मिलिमीटरच्या काही दशांशाहून जास्त नसतो, नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. नंतर दात्यांना रंग लावून गिअर फिरवतात आणि ठसा पाहतात. ठसा दात्याच्या मधोमध उमटला पाहिजे. तो टोकाला, बुडाला किंवा एका कडेला गेला तर पुन्हा उघडून शिम बदलायची. मिस्त्रीचाचांनी चार वेळा उघडले. पाचव्या वेळी ठसा मधे आला तेव्हा त्यांनी मुलांना बोलावून दाखवला आणि म्हणाले, "पाहा बेटा, याला जोडी बसली म्हणतात."

आपले काम करून घेताना विचारा, "प्ले गेजने मोजला का? ठसा घेतला का?" उत्तर "अंदाजाने बसवले" असे आले तर पैसे देण्याआधी विचार करा.

नवी जोडी बसल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी हळू चालवावी, जड ओझे ओढू नये, पहिल्या फेरीनंतर थांबून हौसिंग फार तापले का पाहावे, आणि मग तेल एकदा बदलून टाकावे.

चाक चिखलात रुतले तर

डिफरन्शियलचा एक कमजोर गुणही सांगतो. दोन्ही चाकांना जोर सारखाच मिळतो. त्यामुळे एक चाक चिखलात असले आणि त्याला पकडच नसली, तर दुसऱ्या, कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. एक चाक नुसते गरगरते आणि दुसरे गप्प उभे राहते. अशा वेळी चालक घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. तसे करू नये. एक चाक थांबलेले असताना दुसरे क्राऊनच्या दुप्पट गतीने फिरते, मधल्या लहान गिअरांवर सगळा ताण येतो, आणि तेल कमी असेल तर ते जळून चिकटतात.

त्याऐवजी गरगरणाऱ्या चाकाखाली दगड, फांद्या, गोणपाट घालावे. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर तो किंचित ओढून धरावा, म्हणजे मोकळ्या चाकाला थोडा अडसर होतो आणि दुसऱ्याला जोर मिळतो. मग दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच निघावे. मजबूत चाकाला कितीही जोर लावा, गाडी निघत नाही. कमजोर चाकाखाली दगड टाका, गाडी निघते.

वचनातून आपल्यासाठी

उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायात याकोब आणि एसाव वर्षांच्या दुराव्यानंतर भेटतात. एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब नकार देतो. बरोबर लहान लेकरे आहेत, दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या आहेत. एक दिवस जरी त्यांना जोराने हाकले तरी कळप मरेल, म्हणून तो लेकरांच्या चालीने हळूहळू येणार आहे. मुलांना ती गंमत दाखवताना मला हा अध्याय आठवला. एकाच एक्सलवरची दोन चाके वळणावर एका वेगाने जाऊ शकत नाहीत. तरी गाडी एक राहते, कारण आत कोणीतरी हळू जाणाऱ्याला हळू जाऊ देतो आणि तरीही जोर दोघांना सारखाच देतो.

आपल्या सेवेत शहरातल्या मंडळ्या आहेत आणि पाड्यावरच्याही आहेत. शहरातून विचारणा येते, "या वर्षी किती कुटुंबे, किती शाळा, किती बाप्तिस्मे?" पाड्यावरचा माणूस मात्र पावसाच्या, पेरणीच्या, स्थलांतराच्या चालीने चालतो. दोघांचा वेग एकच असावा असा आग्रह धरला की काहीतरी तुटते.

दुसरा अध्याय २ राजे यातील पाचवा. अरामाचा सेनापती नामान बरा झाला तो कोणाच्या शब्दाने? आधी घरातली एक बंदी मुलगी बोलली, नंतर त्याच्या चाकरांनी समजावले. अधिकाराच्या ठिकाणी असलेल्याला वाचवणारा शब्द त्याच्या खालच्या माणसाकडून आला. चालक भाऊ याच डोंगरातले, चौथीपर्यंत शिकलेले. गाडीचा आवाज त्यांच्या कानाला कळत होता, माझ्या पदवीला कळत नव्हता. मी त्यांचे ऐकले नाही, कारण कोठेतरी मनात मला वाटत होते की गाडीचा हिशेब माझा विषय आहे, त्यांचा नाही. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "सर, माझं जाऊ द्या. त्या बाईच्या सासूला भेटून या." मी गेलो. सासूबाईंनी मला बसायला खाट दिली, पाणी दिले, नात माझ्या मांडीवर ठेवली. एवढेच बोलल्या, "पुढच्या वेळी गाडी येईल ना?"

या प्रश्नाला आमचे उत्तर म्हणून आता गाडीत एक वही असते. चालकाला जो आवाज येईल, जो डाग दिसेल तो ते लिहितात, आणि सात दिवसांच्या आत मला त्यापुढे सही करून काय केले ते लिहावे लागते. महिन्यातून एकदा तेलाची पातळी पाहायची आणि ब्रीदर साफ करायचा. हे काम वसतिगृहाची मुले पाळीपाळीने करतात. जो ब्रीदर बंद असतो तिथे तेल दुसरीकडून फुटते. माणसांचेही तसेच आहे. तक्रारीला बाहेर यायला छोटीशी वाट ठेवावी लागते.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत किंवा घरात कोण एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आहे आणि आपण "पाहू या" म्हणत आहोत?
२. आपण कोठे नुसते सील बदलले आहे आणि कारण तसेच ठेवले आहे?
३. आपल्याबरोबर चालणाऱ्यांमध्ये हळू चाल कोणाची आहे? त्यांना ओढण्याऐवजी त्यांच्या चाकाखाली कोणता दगड ठेवता येईल?

प्रार्थनेचे विषय

त्या आई आणि मुलीच्या आरोग्यासाठी. घाटरस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या आमच्या चालक भाऊंसाठी. गाडीचे काम शिकू इच्छिणाऱ्या वसतिगृहातील मुलांसाठी. आणि ज्या पाड्यांवर अजून चार चाके पोचत नाहीत, तेथे आजारी माणसाला खांद्यावर वाहून नेणाऱ्या प्रत्येक हातासाठी प्रार्थना करा.

आपल्या देणगीचा पूर्ण हिशेब पावत्यांसह कार्यालयात ठेवला आहे, कोणीही येऊन पाहावा. जुना तुटलेला क्राऊनही मेजावर ठेवला आहे. तो मात्र मी स्वतःसाठी ठेवला आहे.

प्रभूच्या सेवेत आपला,
वाहन व वसतिगृह विभाग